ग्रॅफीन : कर्बाचा एक पापुद्रा

शाळकरी मुलाच्या दप्तरांतील शिसपेन्सिलींत शिशाचा एक कणहि नसतो. तिचें नांव म्हणजे एका जुन्या गैरसमजाचें स्मारक आहे. सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड परगण्यांतील बॉरोडेल येथें डोंगराच्या पोटांत एक काळा, चकचकीत, हाताला तुळतुळीत लागणारा पदार्थ सांपडला. आसपासचे धनगर त्याचे तुकडे घेऊन मेंढ्यांच्या अंगावर खुणा करूं लागले. झळाळीनें तो शिशासारखा दिसे, म्हणून लोकांनीं त्याला ‘काळें शिसें’ म्हटलें. पुढें तोफांचे गोळे ओतण्याच्या सांचांना आंतून लावण्यास हा पदार्थ उत्तम आहे असें ध्यानांत आलें, आणि त्याची किंमत इतकी चढली कीं, खाणींतून तो चोरणाऱ्यास जबर शिक्षा देणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटला १७५२ सालीं करावा लागला. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यानें १७७९ सालीं हा पदार्थ जाळून पाहिला, तों त्यापासून कर्बाम्ल वायु निघाला. म्हणजे हें शिसें नसून कोळशाच्या जातीचाच, कर्बाचा, एक प्रकार होता. १७८९ सालीं जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नर यानें ‘लिहिणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘ग्रॅफाइट’ हें नांव दिलें. युद्धामुळें फ्रान्सला इंग्लंडचें ग्रॅफाइट मिळेनासें झालें, तेव्हां कोंते नांवाच्या कारागिरानें १७९५ सालीं ग्रॅफाइटची भुकटी मातींत मळून, भट्टींत भाजून लेखणीची कांडी तयार केली. आजची पेन्सिल तीच.

ही कांडी लिहिते कां, याचें उत्तर मात्र क्ष-किरणांनीं स्फटिकांचें अंतरंग दाखवीपर्यंत मिळालें नाहीं. १९२४ सालीं जे. डी. बर्नाल या तरुण आयरिश शास्त्रज्ञानें ग्रॅफाइटच्या स्फटिकाची रचना निश्चित केली. ग्रॅफाइट म्हणजे एकावर एक रचलेले सपाट पदर. प्रत्येक पदरांत कर्बाचे परमाणु मधाच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें षट्कोनांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. पदरांतील परमाणूंची परस्परांशीं मिठी अत्यंत घट्ट. पण एका पदराचें वरच्या किंवा खालच्या पदराशीं नातें अगदींच सैल. चिरोट्याचे पदर बोट लागतांच सुटावे, त्याप्रमाणें हे पदर निसटतात. कागदावर पेन्सिल ओढली म्हणजे निसटलेले पदर कागदास चिकटतात, आणि त्यालाच आपण अक्षर म्हणतों. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्यें असे सुमारें ३० लाख पदर असतात. यांपैकीं एकच पदर सुटा केला, तर त्याला ग्रॅफीन म्हणतात. त्याला लांबी आहे, रुंदी आहे. जाडी म्हणून जी कांहीं आहे ती एका परमाणूची. त्याहून पातळ कर्बाचें पान कोणी करूंच शकणार नाहीं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख त्याच्या मानानें शेंकडों पट जाड असतो.

हा पदर चारशें वर्षें लिहिणाऱ्यांच्या बोटांखालून सुटत होता. मग त्याला हुडकून काढण्यास २००४ साल कां उजाडावें लागलें? आणि तें श्रेय ज्यांना मिळालें, त्यांच्याआधीं कोणाच्या हातीं तो लागला होता काय? ग्रॅफीनच्या इतिहासांतील खरा वाद या दुसऱ्या प्रश्नाभोंवतीं आहे.

ऑक्सफर्ड येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन ब्रोडी यांच्यापासून प्रारंभ केला पाहिजे. १८५९ सालीं ग्रॅफाइटचा परमाणुभार ठरविण्याच्या खटपटींत त्यांनीं त्याची भुकटी पोटॅशियम क्लोरेट आणि तीव्र नत्राम्ल यांच्या मिश्रणांत पुनःपुन्हां मुरविली. त्यांतून फिकट पिवळ्या रंगाचे बारीक, चपटे स्फटिक मिळाले. ब्रोडींना वाटलें कीं, आपणांस कर्बाची एक नवीच जात सांपडली. तिचा परमाणुभार ३३ आहे असें त्यांनीं काढलें आणि तिला ‘ग्रॅफॉन’ असें नांवहि देऊन टाकलें. तो तर्क चुकीचा होता. वस्तुतः त्यांच्या पात्रांत ग्रॅफाइटच्या पदरांमध्यें प्राणवायु शिरून ते फुगले व सुटे होऊं लागले होते. हातीं आलें होतें एक, आणि नांव दिलें गेलें दुसऱ्याला.

१९३० नंतरच्या दशकांत सैद्धांतिक पदार्थविज्ञानानें या शोधाच्या वाटेवर जणूं पहारा बसविला. रुडॉल्फ पायर्ल्स आणि लेव्ह लँडाउ यांनीं गणितानें असें दाखविलें कीं, केवळ दोन मितींचा स्फटिक टिकणें शक्य नाहीं. उष्णतेमुळें परमाणु सदैव थरथरत असतात. घन स्फटिकांत वरचे, खालचे आणि आजूबाजूचे शेजारी प्रत्येकाला आवरून धरतात; एकपदरी पानांत वरखालीं कोणी नसल्यामुळें ही थरथर पान जसजसें मोठें तसतशी वाढत जाते आणि अखेर रचना विसकटते. १९६८ सालीं डेव्हिड मर्मिन यांनीं ही सिद्धता आणखी पक्की केली. प्रयोगशाळेंतील अनुभवहि याला पोषकच होता. धातूंचे फार पातळ थर करूं गेल्यास ते पसरण्याऐवजीं थेंबांसारखे गोळा होत. गणितानें एकदां नाहीं म्हटलें कीं शोधणाऱ्याचे हात आपोआप मागें येतात.

परंतु जो पदार्थ एकटा राहूंच शकत नाहीं, त्याचा कागदावर विचार करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. या विचारांत आपल्या देशाचाहि वांटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाहीं. रामन परिणामाच्या शोधांत सर चंद्रशेखर रामन यांचे सहकारी असलेले के. एस. कृष्णन् पुढें कलकत्त्यास ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेंत स्फटिकांच्या चुंबकीय गुणांचा अभ्यास करीत होते. ग्रॅफाइटच्या पदरांना लंब अशा दिशेनें चुंबकक्षेत्र लावलें तर तें त्याला विलक्षण जोरानें विरोध करतें; पदरांना समांतर लावलें तर हा विरोध फारच थोडा असतो. एन. गांगुली यांच्यासह कृष्णन् यांनीं या गोष्टीचें मोजमाप करून आपला निबंध १९४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ग्रॅफाइटमधील विद्युत्कण आपापल्या पदरांत मोकळेपणानें हिंडतात, पण एका पदरांतून दुसऱ्यांत जाण्यास जवळजवळ असमर्थ असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन मितींतील विद्युत्कणांचें जग ही कल्पना कलकत्त्याच्या त्या प्रयोगशाळेंत तेव्हांच मूळ धरून होती.

लौकरच ग्रॅफाइटला एकाएकीं युद्धाचें महत्त्व आलें. २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें पहिली परमाणुभट्टी पेटली, तिच्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठीं ग्रॅफाइटच्या विटा रचलेल्या होत्या. भट्टींतील माऱ्यानें या विटांचें काय होतें, हें जाणण्यासाठीं ग्रॅफाइटचा सिद्धांत हवा होता. कॅनडांतील फिलिप वॉलेस यांनीं तो १९४७ सालीं मांडला. हिशेब सोपा करावा म्हणून त्यांनीं प्रथम एकाच पदराचें गणित केलें. त्यांतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. सामान्य पदार्थांत विद्युत्कण वजन असलेल्या गोळीसारखा वागतो. एकपदरी कर्बांत मात्र त्याला वजन नसल्यासारखीच गति मिळते, जणूं प्रकाशाचा एक मंद भाऊच. या समीकरणांचा हा अर्थ पुढें १९८४ च्या सुमारास अधिक स्पष्ट झाला. वॉलेस यांना स्वतःला हा पदर कधीं हातीं येईल असें वाटलें नव्हतें. त्यांच्या दृष्टीनें ती गणितांतील एक पायरी होती.

कागदावरून प्रत्यक्षाकडे पहिलें पाऊल जर्मनींत पडलें. हान्स-पेटर बेम आणि त्यांचे सहकारी यांनीं ब्रोडींच्या पद्धतीचा पदार्थ पाण्यांत सुटा करून त्यांतील प्राणवायु काढून टाकला, आणि जे पापुद्रे उरले ते विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. पापुद्र्याच्या छायेच्या गडदपणावरून त्यांनीं जाडीचा अंदाज बांधला आणि १९६२ सालीं लिहिलें कीं, सर्वांत पातळ पापुद्रे एकपदरी असले पाहिजेत. ‘ग्रॅफीन’ हें नांवहि बेम यांचेंच. दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं तें १९८६ सालीं सुचविलें. ग्रॅफाइटमधील ‘ग्रॅफ’, आणि बेंझीन, नॅफ्थलीन या कर्बाच्या संयुगांना लागणारा शेवट, यांचा हा संधि आहे. बारसें झालें, तरी जन्माची वार्ता फारशी कोणाच्या कानीं गेली नाहीं. बेम यांच्या पापुद्र्यांना कोणी वीज जोडून पाहिली नाहीं, ताणून पाहिलें नाहीं. ते छायाचित्रांतच राहिले.

आतां मँचेस्टर. तेथील विद्यापीठांत आंद्रे गाइम नांवाचे रशियांत जन्मलेले प्राध्यापक २००१ सालीं आले. ठरलेल्या कामाखेरीज कांहीं तरी वेडेंवांकडें करून पाहण्याची त्यांना संवय होती. हॉलंडमध्यें असतांना त्यांनीं १९९७ सालीं प्रबळ चुंबकाच्या साह्यानें एक जिवंत बेडूक हवेंत तरंगत ठेवला होता. त्याबद्दल त्यांना २००० सालीं ‘इग् नोबेल’ हें प्रथम हसवून मग विचार करावयास लावणारें पारितोषिक मिळालें. हॉलंडपासूनच त्यांच्याबरोबर असलेले कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह हे त्यांचे तरुण सहकारी. ग्रॅफाइटचा थर किती पातळ करतां येतो, हें पाहण्यासाठीं चीनमधून आलेल्या एका नव्या विद्यार्थ्यास ग्रॅफाइटची एक वडी देण्यांत आली आणि ती घासून घासून पातळ करण्यास सांगण्यांत आलें. त्यानें ती इतकी घासली कीं शेवटीं बशीच्या तळाशीं एक ठिपका उरला. आणि तोहि पाहतां हजारों पदरांचा जाड निघाला. वाळूचा एक कण मिळविण्यासाठीं डोंगर घासण्याचा हा प्रकार होता, असें गाइम यांनींच पुढें नोबेल व्याख्यानांत गंमतीनें सांगितलें.

त्या प्रयोगशाळेंत खारकोव्हहून आलेले ओलेग श्क्ल्यारेव्स्की हे अनुभवी शास्त्रज्ञ होते. सूक्ष्मदर्शकाखालीं ग्रॅफाइट ठेवण्यापूर्वीं त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करण्याची एक साधी रीत या धंद्यांतील सर्वांना ठाऊक होती : वर चिकटपट्टी लावावयाची, ओढावयाची, मळलेला वरचा थर तिच्याबरोबर निघून येतो, आणि पट्टी टोपलींत फेंकून द्यावयाची. श्क्ल्यारेव्स्की यांनीं टोपलींतील अशीच एक पट्टी आणून दाखविली. तिच्यावरचे तुकडे घासलेल्या वडीपेक्षां कितीतरी पातळ होते. किती तरी वर्षें किती तरी प्रयोगशाळांतून हा खजिना केरांत जात होता! मग पट्टीवर पट्टी दाबून, तोच पापुद्रा पुनःपुन्हां उकलून, नोव्होसेलोव्ह आणि त्यांचे सोबती अखेर एका पदरापर्यंत पोंचले.

येथें दैवानें दिलेला हातभार विसरतां कामा नये. हे पापुद्रे सिलिकॉनच्या ज्या चकत्यांवर उतरविले जात, त्यांवर सिलिकॉन-ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा थर होता. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश. या नेमक्या जाडीमुळें प्रकाशकिरणांच्या परस्पर मिसळण्यांतून एकपदरी पापुद्राहि साध्या सूक्ष्मदर्शकांतून रंगाच्या पुसट छटेनें ओळखूं येतो. थर ३१५ नॅनोमीटरांचा असता तर तो अदृश्य राहिला असता. पाहण्याचें साधन शाळेंतील यंत्राच्या जातीचें, काढण्याचें साधन दुकानांतली चिकटपट्टी. गणितानें घातलेली बंदी अशा रीतीनें मोडली गेली. ती बंदी खोटी होती असें मात्र नाहीं. ग्रॅफीन एक तर कशावर तरी टेकलेलें असतें, किंवा मोकळें ताणलें तर त्यांत सूक्ष्म सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांच्या आधारानें तें टिकून राहतें. हें २००७ सालीं दिसून आलें.

‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकानें यासंबंधींचा निबंध दोनदां परत केला. २२ ऑक्टोबर २००४ रोजीं तो अमेरिकेंतील ‘सायन्स’मध्यें छापून आला. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर २००५ मध्यें, मँचेस्टरचे लोक आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील फिलिप किम यांचा गट, या दोघांनीं ‘नेचर’च्या एकाच अंकांत दाखवून दिलें कीं, ग्रॅफीनमधील विद्युत्कण खरोखरच वॉलेसच्या गणितानें सांगितल्यासारखे वागतात, त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारें तीनशेंव्या हिश्श्याइतका असतो.

मग परीक्षांचा धडाकाच सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठांत २००८ सालीं सूक्ष्म छिद्रांवर पसरलेल्या ग्रॅफीनवर हिऱ्याची सुई दाबून त्याचें बळ मोजलें गेलें. तितक्याच जाडीच्या पोलादी पत्र्याची कल्पना केली तर त्याच्या शंभर पटींहून अधिक भार तें सोसतें. नोबेल समितीनें यासाठीं एक मजेदार दृष्टान्त दिला आहे. एक चौरस मीटर ग्रॅफीनचा झोपाळा केला तर त्यावर चार किलोचें मांजर निजूं शकेल, आणि झोपाळ्याचें वजन एक मिलिग्रॅमहि भरणार नाहीं, म्हणजे मांजराच्या एका मिशीहून कमी! याच हिशेबानें एक ग्रॅम ग्रॅफीन सुमारें १,३०० चौरस मीटर जागा झांकील. उष्णता वाहून नेण्यांत तें तांब्याला कितीतरी मागें टाकतें. हेलियम वायूचे चिमुकले परमाणुहि त्यांतून पार जाऊं शकत नाहींत. मँचेस्टरमध्येंच राहुल नायर या केरळी शास्त्रज्ञानें सोबत्यांसह २००८ सालीं दाखविलें कीं, एकपदरी ग्रॅफीन आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं २.३ टक्के शोषून घेतें. परमाणूच्या जाडीचें पान नुसत्या डोळ्यांनीं छायेसारखें दिसावें, हें नवल तर खरेंच. परंतु त्याहून मोठें नवल असें कीं, हा २.३ चा आंकडा कर्बाच्या कोणत्याहि खास गुणावर अवलंबून नाहीं. प्रकाश आणि विद्युत्कण यांचें नातें सांगणारा जो एक विश्वव्यापी अंक आहे, सुमारें १३७ अंश एक, त्याला वर्तुळाच्या ‘पाय’ या संख्येनें गुणलें कीं तो मिळतो.

५ ऑक्टोबर २०१० रोजीं गाइम व नोव्होसेलोव्ह यांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. तेव्हां नोव्होसेलोव्ह अवघे ३६ वर्षांचे होते. पाठोपाठ वाद उभा राहिला. अमेरिकेंतील जॉर्जिया येथील वॉल्ट डी हीर हे सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक तापवून त्याच्या पृष्ठभागावर ग्रॅफीन उगविण्याचा प्रयत्न मँचेस्टरच्या आधींपासून करीत होते. समितीनें प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय टिपणांत चुका आहेत आणि इतरांच्या कामाला न्याय मिळालेला नाहीं, असें पत्र त्यांनीं समितीला लिहिलें. टिपणांत कांहीं दुरुस्त्या करणें समितीलाहि भाग पडलें. बेम यांच्या १९६२ च्या निबंधाकडेहि लोकांचें लक्ष त्याच सुमारास वळलें.

या वादांत गाइम यांचें एक वर्तन नमूद करण्याजोगें आहे. पारितोषिकाच्या आधीं, जानेवारी २०१० मध्यें, अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पत्रांत त्यांनीं स्वतःच लिहून कळविलें कीं, या शोधाचे मानकरी अनेक आहेत आणि बेम यांच्या कामाची दखल घेतली गेली पाहिजे. नोबेल व्याख्यानांतहि त्यांनीं ब्रोडींपासून सर्वांचा उल्लेख केला. एवढा मोठेपणा शास्त्राच्या इतिहासांत वरचेवर आढळत नाहीं. तथापि न्यायनिवाडा करावयाचा झाल्यास मँचेस्टरचा हक्क डावलतां येत नाहीं. बेम यांनीं पदर पाहिला व त्याला नांव दिलें. मँचेस्टरच्या मंडळींनीं तो अशा स्थितींत काढला कीं, त्याला तारा जोडतां आल्या, प्रश्न विचारतां आले. आणि रीत इतकी स्वस्त ठेवली कीं, वर्षा-दोन वर्षांत जगांतील शेंकडों प्रयोगशाळांना, गरीब देशांतीलहि, त्यांत उतरतां आलें. अन्याय झालाच असेल तर तो बेम यांच्यावर झाला : पारितोषिकापुरता नव्हे, तर चाळीस वर्षें त्यांचा निबंध कोणी उघडून पाहिला नाहीं, एवढ्यापुरता.

उपयोगाची कथा इतकी उजळ नाहीं. प्रारंभीं अशी हांकाटी झाली कीं, संगणकांतील सिलिकॉनचे दिवस भरले. ती फोल ठरली, आणि कारण वॉलेसच्या १९४७ च्या गणितांतच होतें. संगणकाच्या चकतींतील प्रत्येक घटकाचें काम वीज सोडणें व अडविणें. ग्रॅफीन वीज उत्तम सोडतें, पण तिला पुरतें अडवूं शकत नाहीं. हा तोटी नसलेला नळ आहे. मोठे ताव करण्याचा प्रश्न मात्र बराच सुटला. २००९ सालीं टेक्सासमध्यें तांब्याच्या पत्र्यावर मीथेन वायूपासून ग्रॅफीन उगविण्याची रीत निघाली, आणि २०१० सालीं दक्षिण कोरियांत ३० इंची ताव तयार झाले. युरोपीय संघानें २०१३ सालीं दहा वर्षांसाठीं १०० कोटी युरोंची योजना आंखली. २०१३ सालीं टेनिसच्या रॅकेटींत, २०१८ सालीं फोर्ड मोटारींच्या इंजिनाजवळील भागांत आणि एका चिनी कंपनीच्या मोबाइल फोनमध्यें उष्णता पसरविण्यासाठीं, २०२१ सालीं इंग्लंडांतील एम्सबरी येथें एका इमारतीच्या काँक्रीटच्या तळांत, असा ग्रॅफीनचा व्यवहारांत प्रवेश झाला. दुसऱ्या पदार्थांत चिमूटभर मिसळावयाचा मसाला, हेंच तूर्त त्याचें मुख्य काम दिसतें.

आणि मसाला म्हटला कीं भेसळ आलीच. २०१८ सालीं सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या देशांतील ६० कंपन्यांकडून ग्रॅफीन म्हणून विकली जाणारी भुकटी घेऊन तपासली. बहुतेकांच्या मालांत खरें ग्रॅफीन दहा टक्क्यांहूनहि कमी निघालें. उरलेलें साधें ग्रॅफाइट, बारीक कुटलेलें. त्या तपासणीच्या लेखकांत नोव्होसेलोव्ह स्वतः होते. दुधांत पाणी घालणारा गवळी निदान पाणी फुकट मिळवितो. येथें तर पेन्सिलीचा चुरा सोन्याच्या भावानें विकला जात होता.

शुद्ध विज्ञानाच्या अंगणांत मात्र या पदराचीं नवलें संपलेलीं नाहींत. २०१८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें पाब्लो हारिल्यो-एर्रेरो यांच्या गटानें दोन पदर एकमेकांवर ठेवून त्यांतील एक सुमारें १.१ अंशानें फिरविला. अतिशीत तपमानांत त्या जोडींतून वीज कोणत्याहि अडथळ्याशिवाय वाहूं लागली. असें कांहीं विलक्षण घडावें अशा कोनाचें भाकीत २०११ सालींच झालें होतें.

नोबेल समितीला पत्र लिहिणारे वॉल्ट डी हीर आपल्या सिलिकॉन कार्बाइडच्या वाटेनें चालतच राहिले. जानेवारी २०२४ मध्यें चीनमधील त्यांच्या सहकाऱ्यांसह त्यांनीं ‘नेचर’मध्यें जाहीर केलें कीं, स्फटिकाच्या पृष्ठभागाशीं बांधलेला कर्बाचा पहिला पदर नीट उगविला तर तो अर्धवाहकाप्रमाणें वागतो, म्हणजे तो वीज सोडतो आणि अडवितोहि. नळाला तोटी बसली आहे, पण ती अजून प्रयोगशाळेंतील नळाला. तिच्यापासून बाजारांत विकण्याजोगी चकती करण्याचें काम पुढें आहे.